गालावरच्या जांभळ्या रेषा

हे लिहायला बसल्यापासून दोनदा उठून झालंय. एकदा दूध उतू जातंय का बघायला, आणि एकदा उगीचच. माझा पिंडच तसा आहे, एका जागी बसवत नाही. परवा गावातल्या एका सुनेला सोलापूरच्या दवाखान्यात "लाईट", म्हणजे किरणं, घ्यायला सांगितलं. ती माझ्याकडं आली, पदराचं टोक चावत बसली आणि म्हणाली, "काकू, लई भाजतं का वो?" तिला मी जे सांगितलं ते लाईट घेणाऱ्या बाकीच्यांनाही कळावं म्हणून लिहिते आहे. डॉक्टरीतलं मला कळत नाही. माझ्या अंगावर जे झालं तेवढंच सांगते.

चट्टा

आम्ही जळकोटचे. गाव हायवेच्या कडेला, दिवसभर हैदराबादच्या ट्रका पळतात. आमचे हे तुळजापूरला सरकारी कचेरीत कारकून होते. मी गावातल्या दूध संस्थेत सकाळ-संध्याकाळ दूध मोजून घ्यायचे. बाईमाणसाला हे काम दिलं म्हणून आधी कुरकुर झाली, त्यात आमच्या वस्तीतली बाई दुधाला हात लावणार म्हणून तर जास्तच. पण माझ्या तोंडाला सहसा कुणी लागत नव्हतं. पाणी घातलेलं दूध आलं की मी सगळ्यांदेखत बोलायचे, मग तो पाटलांचा गडी असो नाहीतर खुद्द पाटील असो. हळूहळू सगळ्यांना सवय झाली.

सासूबाईंना मी आत्याबाई म्हणते. सकाळी उंबऱ्यावर बसून आम्ही दोघी मिश्री लावायचो. भाजलेल्या तंबाखूची ती काळी पूड बोटावर घ्यायची, दातांवरून फिरवायची आणि मग गालात धरून गप्पा मारत बसायचं. बहात्तरच्या दुष्काळात आम्ही खडी फोडायच्या कामावर होतो, तेव्हा भूक मारायला बायका दिवसभर मिश्री लावायच्या. मलाही तिथंच आत्याबाईंनी लावायला शिकवलं. पुढं पाऊस झाला, पोटाला मिळायला लागलं, तरी मिश्री काही सुटली नाही.

आठेक वर्षांनी उजव्या गालाला आतून पांढरा चट्टा आला. चटणी लागली की झोंबायचं. मी हळद लावली, तूप लावलं, लवंग धरली. मग तिथं गाठ हाताला लागायला लागली, पेरूच्या बीएवढी, पुढं सुपारीएवढी. शेवटी ह्यांनी रजा काढली आणि मला सोलापूरला नेलं.

डॉक्टरांनी गाठीचा तुकडा काढून तपासायला पाठवला. निकालाच्या दिवशी त्यांनी मला बाकावर बसवलं आणि ह्यांना एकट्याला आत बोलावलं. मला ते सहन झालं नाही. मी उठले, दार ढकललं आणि म्हणाले, "गाल माझा आहे. मला सांगा."

डॉक्टर भले माणूस. रागावले नाहीत. म्हणाले, "बसा. कॅन्सर आहे. किरणं देऊन गाठ विरघळेल अशी मला आशा आहे. नाही विरघळली तर मुंबईला जाऊन ह्या बाजूचा जबडा काढावा लागेल. एक अट आहे. किरणं सुरू झाली की मध्ये खंड पडू द्यायचा नाही. आपण थांबलो की गाठ नव्यानं जोर धरते."

बाहेर आत्याबाई उभ्या होत्या. ह्यांनी त्यांना सगळं सांगितलं. त्या माझ्याकडं बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "अर्ध्या तोंडानं ही भांडंल कशी?" ह्यांना राग आला. मला मात्र हसू आलं, आणि हसता हसता रडू फुटलं. त्या दिवसापासून डोक्यात एकच विषय राहिला, जबडा राहतो का जातो. झोपताना तेच, उठल्यावर तेच. माझ्या दोन्ही पोरी माझ्या माहेरी पाठवल्या आणि मी नि आत्याबाई सोलापूरला दवाखान्यामागं एक खोली घेऊन राहिलो.

हलायचं नाही

आधी त्या बाजूच्या दोन किडक्या दाढा काढल्या. मी म्हटलं, दुखत नाहीत तर कशाला काढता? डॉक्टर म्हणाले, "किरणं लागल्यावर त्या हाडाला जखम भरून काढायची ताकद राहत नाही. दात काढायचा तर आधीच काढायचा." हिरडी भरून येईपर्यंत थांबलो. ते थांबणं मला फार जड गेलं. गाठ तोंडात आणि आपण नुसतं बसायचं.

मग एक दिवस डॉक्टरांनी गालावर जांभळ्या शाईनं चौकोन आखला. कानापासून ओठाच्या कडेपर्यंत, वर गालाचं हाड, खाली हनुवटीजवळ. म्हणाले, "किरणं ह्या चौकटीतच पडली पाहिजेत. वर गेली तर डोळा आहे. ह्याला पाणी लावायचं नाही, साबण नाही, तेल नाही, घासायचं नाही." आरशात बघितलं तर मेंढरांच्या पाठीवर रंगाची खूण करतात तशी मी दिसत होते.

आतली खोली गार आणि मोठी. मध्ये किरणं सोडणारं कोबाल्टचं मशीन. मला फळीवर निजवलं, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावल्या. मशीन चालवणारे भाऊ म्हणाले, "आता हलायचं नाही," आणि जाड दार लावून स्वतः बाहेर गेले. आत मी एकटी. घरघर आवाज सुरू झाला. भाजेल, चटका बसेल, काहीतरी होईल म्हणून मी पायाची बोटं आवळून धरली. काहीच झालं नाही. ना ऊन ना गार. नाक मात्र नेमकं तेव्हाच खाजायला लागलं. दार उघडल्यावर मी विचारलं, "भाऊ, मशीन चालू होतं ना नक्की?" ते म्हणाले, "पंधरा दिवसांनी विचारा."

त्या सुनेला मी हेच सांगितलं. आत काही दुखत नाही. आत फक्त आपण आणि आपलं मन असतं, आणि त्या मनाला कुठं बसवावं ते कळत नाही. मी तिथं पडून दूध संस्थेतल्या एकेकाशी मनातल्या मनात भांडायचे. त्यात वेळ बरा जायचा.

कुणाला आधी, कुणाला मागून

पंधरा दिवस लागलेच नाहीत. आधी थुंकी बदलली. तार धरणारी, चिकट झाली आणि कमी कमी होत गेली. मग चव गेली. आत्याबाईंनी केलेलं पिठलं खाल्लं तर ओली माती खाल्ल्यासारखं वाटलं. मला वाटलं त्यांनी मीठ घातलं नाही, त्यांना वाटलं मी खोड काढते. त्यावरून आम्ही दोघी दिवसभर धुसफुसत होतो.

मग तोंड आतून सोललं. गालाची आतली बाजू, टाळू, जिभेची कड, सगळीकडं पांढरे पापुद्रे. पाणी पिताना डोळ्यांतून पाणी यायचं. शब्द बोलायचा तर जीभ जखमेवर घासायची, म्हणून बोलणं हळूहळू बंद झालं. बाहेरची कातडी आधी लाल झाली, नंतर काळवंडली. कानाजवळचे केस कंगव्याबरोबर निघून आले. आणि डोक्यातला विचार तोच होता. तोंडाचं हे असं झालं तर खालच्या जबड्याचं काय झालं असेल?

तेव्हा बोलता येत होतं थोडं. मी डॉक्टरांना विचारलं, "लाईट एकच, चौकोन एकच. मग थुंकी, गाल, कातडी, प्रत्येकाचं वेगळं का?"

ते म्हणाले, "तोंडातलं आतलं अस्तर रोज झिजतं आणि रोज नवं होतं. जे भराभर वाढतं त्याला किरणं आधी मारतात. गाठही भराभर वाढते, म्हणून तिला मारतात. अस्तर पुन्हा उगवेल, कातडीही येईल. थुंकी तयार करणाऱ्या ग्रंथी नाजूक, त्या पुन्हा पहिल्यासारख्या होतील असं मी सांगत नाही. गालाचे स्नायू सावकाश आखडतात. आणि हाड सगळ्यांत सावकाश. ते आत्ता काही बोलणार नाही, पण त्याला लागलेलं असतं."

मला ते लगेच समजलं, कारण दुष्काळ मी बघितला होता. कोथिंबिरीनं आठवड्यात माना टाकल्या होत्या. आंब्याचं झाड मात्र त्या साली हिरवं उभं होतं, आणि पाऊस पडून गेल्यावर पुढच्या साली वाळलं. मी तसं म्हटल्यावर डॉक्टर हसले आणि म्हणाले, "आंब्याला जपा." म्हणून तोंड दुखत असतानाही मी त्यांनी सांगितल्याप्रमाणं दातांत लाकडी पट्ट्या धरून तोंड उघडायचा व्यायाम करत राहिले. तुम्हीही करा. कंटाळा येतो, रडू येतं, तरी करा. गाल एकदा आखडला की घास आत जात नाही.

ह्या सगळ्यात एक गोष्ट बरी झाली. रांगेत परंड्याकडचे, सोनारीचे एक आबा असायचे, घशाला लाईट घेणारे. त्यांचा आवाज पार बसलेला. त्यांनी खुणेनं सांगितलं, आंबील पी. ज्वारीची पातळ, ताकातली नव्हे, नुसती, गार करून. आंबट घातलं की झोंबतं. त्या आंबिलीवर मी ते सगळे दिवस काढले.

बाजार

उन्हाळा रणरणत होता. शनिवारी दुपारी मशीन बंद झालं की आम्ही यष्टीनं गावी यायचो आणि सोमवारी सकाळी परत जायचो. घामानं शाई उतरायची. आत्याबाई रस्ताभर माझ्या गालाकडं बघत बसायच्या, ऊन आलं की पदर आडवा धरायच्या, मी हात वर नेला की हातावर चापट मारायच्या. एका सोमवारी हनुवटीजवळचा कोपरा पुसलेलाच होता. मशीनवाल्या भाऊंनी निजवून घेतलं नाही. डॉक्टर बाहेरगावी गेलेले, दुसऱ्या दिवशी आल्यावर त्यांनी पुन्हा आखून दिलं. एक दिवस वाया गेला. डॉक्टर आत्याबाईंना म्हणाले, "आजी, रेषा जपा. असे दिवस गेले तर उपयोग नाही." ते वाक्य त्यांच्या काळजात जाऊन बसलं.

पुढच्या खेपेला गावी येताना त्या मला नळदुर्गला उतरवून बाजारात घेऊन गेल्या. मला वाटलं ज्वारी घ्यायची असेल. त्या थेट एका गोंदणाऱ्या बाईपुढं जाऊन बसल्या.

आता इथं सांगायला पाहिजे. आमच्या वडिलांनी धर्मांतर केल्यावर घरातलं गोंदण बंद केलं होतं. जुन्या गुलामीच्या खुणा अंगावर नकोत, असं त्यांचं म्हणणं. माझ्या बहिणींच्या, माझ्या अंगावर एक ठिपका नाही, आणि त्याचा मला अभिमान होता. आत्याबाईंचं कपाळ, हनुवटी, दंड, सगळं हिरवं. त्यांनी स्वतःच्या कपाळावर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "हे बघ. किती उन्हाळं झालं, किती घाम गाळला. पुसलं का? एकदा गोंदून टाकू. मग कुणाचं बोलणं न्हाय, दिस जायाचा न्हाय."

मी मान हलवून नको म्हणाले. बोलता येत असतं तर अख्खा बाजार गोळा केला असता. पण जीभ हलत नव्हती, ऊन मी म्हणत होतं, आणि खरं सांगते, मलाही आणखी एक दिवस जाण्याची भीती वाटत होती. माझा विरोध ढिला पडला आणि मी खाली बसले.

गोंदणारी बाई म्हणाली, "तोंडावर चौकोन? कसलं गोंदण वो हे?"

"औषदाचं हाय," आत्याबाई म्हणाल्या. "रेषेवर रेष चालव. भाईर जाऊ नगं."

काळवंडलेल्या, पातळ झालेल्या कातडीवर तिच्या सुया चालल्या. लाईटच्या खोलीत मला कधी काही दुखलं नव्हतं. इथं मी दोन्ही हातांनी आत्याबाईंचा गुडघा आवळला. त्या माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणत होत्या, "झालं बाय, झालंच."

खंड

सोमवारपर्यंत गाल टम्म फुगला. रेषांतून पू यायला लागला. मशीनवाल्या भाऊंनी बघितलं आणि डॉक्टरांना बोलावून आणलं.

डॉक्टर इतक्या दिवसांत पहिल्यांदा चिडले. "हे कुणी केलं? ह्या कातडीला साधी ओरखड्याची जखम भरून काढायची ताकद नाही, तिला तुम्ही सुया टोचल्या? आणि गाठ लहान झाली की चौकट लहान करायची असते. शाई पुसता येते. हे मी कशानं पुसू?"

आत्याबाई म्हणाल्या, "म्या केलं, साहेब."

जखमा सुकेपर्यंत लाईट बंद ठेवावी लागली. एक दिवस वाया जाऊ नये म्हणून केलेल्या गोष्टीनं दहा-बारा दिवस गेले. संध्याकाळी हे आले. खोलीत उभे राहून आईला म्हणाले, "आई, तू तिचा जबडा घालवलास." आईशी ते असं कधी बोलले नव्हते. आत्याबाई स्टोव्हजवळ बसून राहिल्या. मी भिंतीकडं तोंड करून पडले. ह्यांना गप करायची माझी इच्छा नव्हती.

ते दिवस मी कसे काढले ते मलाच माहीत. दवाखान्याच्या व्हरांड्यात या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत राहायचे. नर्सबाई म्हणायच्या बसा, मी बसायचे, त्या वळल्या की उठायचे. जिभेचं टोक सारखं गाठीवर जायचं. काल केवढी होती, आज केवढी आहे? सकाळी लहान लागायची, दुपारी मोठी. लाईट घेऊन येणाऱ्या लोकांचा मला हेवा वाटायचा. सोललेल्या तोंडानं, काळ्या मानेनं ते दारातून बाहेर यायचे आणि मला वाटायचं, किती नशीबवान आहेत. सोनारीच्या आबांनी एकदा जवळ येऊन त्या बसक्या आवाजात सांगितलं, "भैरोबाला तुझ्यासाठी बी बोललोय." मी देवाला मानत नाही. पण कुणीतरी आपल्यासाठी बोललं, ह्याचं बरं वाटलं.

आत्याबाई पाणी उकळून, गार करून, धुतलेल्या कापडानं पू टिपायच्या. आंबील करायच्या, फुंकून द्यायच्या. मी वाटी घ्यायचे आणि त्यांच्याकडं बघायचे नाही. एवढी भांडखोर मी, आणि त्यांना एक शब्द बोलले नाही. आधी बोलता येत नव्हतं. नंतर थोडं बोलता यायला लागलं तेव्हा मनाशी ठरवलं, जबड्याचा निकाल कळू दे. जबडा जाणार असेल तर त्यांच्याशी जन्मात बोलायचं नाही.

बोट

जखमा सुकल्या. हिरव्या चौकोनाच्या आत डॉक्टरांनी लाल शाईचा लहान चौकोन आखला आणि राहिलेली लाईट पूर्ण केली. गावी पाठवताना म्हणाले, "दीड महिन्यानं या. तेव्हाच काय ते सांगता येईल."

डॉक्टर म्हणाले होते त्याच क्रमानं सगळं परतलं. तोंडाचं अस्तर आधी आलं, मग काळी कातडी सुटून खाली गुलाबी कातडी आली. चव नव्हती, थुंकी तर नव्हतीच. दोन वाक्यं बोलले की जीभ टाळूला चिकटायची, म्हणून पाण्याची बाटली सारखी बरोबर. घरात मी कामापुरतं बोलायचे. आत्याबाई सकाळी उंबऱ्यावर एकट्याच बसायच्या, मिश्रीशिवाय. येता-जाता माझ्या तोंडाकडं बघायच्या. हे आईशी बोलत नव्हते, मी बोलत नव्हते. घरात इतकी शांतता मला सोसत नव्हती, पण ती मोडायला मी तयार नव्हते.

दीड महिन्यानं आम्ही दोघीच सोलापूरला गेलो. ह्यांना रजा मिळाली नाही. आत्याबाई आत आल्या नाहीत, बाहेर पायरीवर बसल्या.

डॉक्टरांनी माझं तोंड उघडायला लावलं आणि उजव्या गालात बोट घातलं. फिरवलं, थांबले, पुन्हा फिरवलं. दुसऱ्या डॉक्टरांना बोलावलं, त्यांनीही बोट घातलं. मी टेबलाची कड धरून बसले होते. दोघांनी एकमेकांकडं बघितलं. मग आमचे डॉक्टर हात धुवायला गेले आणि पाठमोरेच म्हणाले, "गाठ नाही. जबडा कापायची गरज नाही. मात्र त्या बाजूचा दात आम्हाला विचारल्याशिवाय कुणाकडून काढायचा नाही, कितीही वर्षं झाली तरी." मग वळून म्हणाले, "दर महिन्याला दाखवायला यायचं." मी हो म्हणाले आणि बाहेर पडले.

आत्याबाईंनी मला येताना बघितलं. उठल्या नाहीत.

"गेली," मी म्हणाले. "कापायचं न्हाय."

त्यांनी पदरानं तोंड पुसलं, बराच वेळ पुसलं. मग उठल्या, पिशवी खांद्याला लावली, माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मग आता बोल. किती दिस झालं, म्या वाट बघायलेय."

आणि मी सुरू झाले. गोंदणाऱ्या बाईपासून सुरुवात केली. तुम्हाला कुणी शहाणं केलं, डॉक्टरला विचारायला काय झालं होतं, माझ्या बापानं एक ठिपका लावू दिला नाही आणि तुम्ही माझ्या थोबाडावर शेताचा बांध काढून ठेवला. दवाखान्याच्या फाटकापासून यष्टीच्या स्टँडपर्यंत मी बोलत होते, भर रस्त्यात, लोक वळून बघत होते. त्या मान खाली घालून माझ्या शेजारी चालत होत्या. थोडं बोलले की तोंड कोरडं पडायचं, जीभ चिकटून शब्द अडायचा. मग त्या थांबायच्या, पिशवीतून बाटली काढून बूच उघडून माझ्या हातात द्यायच्या. मी घोट घेईपर्यंत उभ्या राहायच्या. आणि बाटली परत घेऊन म्हणायच्या, "हं, फुडं."